विलासचा तोल

ऋजुता लग्न होऊन सबनिसांच्या घरी आली, तेव्हा तिच्या रुखवतात एक अजगर होता.

लाडवांचे मनोरे होते, लोकरीचं तोरण होतं, साबणाचं बदक होतं, आणि या सगळ्यांच्या मधोमध काचेच्या पेटीत, दिव्याची ऊब घेत, साडेतीन फुटांचा आफ्रिकन बॉल पायथन वेटोळं करून बसला होता. रुखवत बघायला आलेल्या बायकांनी तो क्रोशाचा समजून आधी भरपूर कौतुक केलं. एकीने नमुनाही मागितला. मग नमुन्याने जीभ बाहेर काढली.

"रीतसर नोंद केलेला आहे," ऋजुता सासूबाईंना म्हणाली. "बिनविषारी आहे आणि फार लाजाळू आहे."

"नाव काय?" उज्ज्वलाबाईंनी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं म्हणून.

"विलास."

उज्ज्वलाबाईंच्या यजमानांचं नावही विलासच होतं. त्यांचा हार घातलेला फोटो पलीकडच्याच टेबलावर होता. लग्नपत्रिकेत 'कै. विलास' वाचल्यावर ऋजुताने अजगराचं नाव बदलायचा विचार केला होता, पण मिहिर म्हणाला, आईला चालेल. आईला त्याने विचारलं नव्हतं. मिहिर समुद्रातल्या पवनचक्क्या दुरुस्त करायचा, वर्षातले बरेच महिने तिकडेच असायचा, आणि घरातल्या बहुतेक गोष्टी त्याला तिथून चालण्यासारख्याच दिसायच्या.

उज्ज्वलाबाईंनी नवऱ्याला जन्मभर 'अहो' म्हटलं होतं. जुन्या वळणाच्या होत्या असं नाही. त्या बँकेत होत्या, स्कूटर चालवायच्या. पण ते नाव तोंडात कधी बसलंच नव्हतं, आणि आता एका अजगरासाठी बसवायचं त्यांच्या जिवावर आलं. त्यामुळे अजगराचा उल्लेख त्या 'तुझा तो' असा करू लागल्या. हॉलमध्ये एका बाजूला त्यांचा झोपाळा आणि समोर 'तुझा तो', असा संसार सांगलीच्या त्या तिसऱ्या मजल्यावर सुरू झाला.

वर्षभराने त्यांनी दापोलीला ज्येष्ठांच्या वसाहतीत एक खोली ठरवली. त्यांची शाळेतली मैत्रीण अनघा तिथेच राहायची. खिडकीतून समुद्र दिसायचा आणि पाळीव प्राण्यांना मनाई होती.

"सापामुळे चालले नाही हं," असं त्या भेटेल त्याला सांगत. कुणी विचारलेलं नसायचं.

जायला तीन-चार महिने उरले असताना विलासचं बिनसलं.

तसा तो आधीपासून थोडा डुलायचा. आता मात्र तो डोकं वर उचलायचा, मान स्क्रूसारखी पिळत जायची आणि हनुवटी छताकडे करून तो तसाच थांबायचा. स्लॅब कुठे गळतोय का ते बघत असल्यासारखा. खरी पंचाईत जेवणाची होती. फ्रीजरमध्ये ओल्या खोबऱ्याच्या डब्याशेजारी उंदरांचा डबा असायचा (दोन्हींची झाकणं वेगळ्या रंगांची होती, आणि तो रंग उज्ज्वलाबाई खोबरं काढताना तीनदा बघायच्या). ऋजुता उंदीर कोमट पाण्यात ठेवून चिमट्याने पुढे धरायची. विलास नेम धरून झेप घ्यायचा. एकदा काचेवर आपटला. एकदा चिमट्याला डसला. एकदा त्याने स्वतःचीच शेपटी धरली आणि आपण कुणाला धरलंय हे कळेपर्यंत सोडली नाही. त्यानंतर त्याने प्रयत्नच सोडले. पाठीच्या कण्याची रेघ वर दिसायला लागली.

उज्ज्वलाबाई हे झोपाळ्यावरून बघत होत्या. सापाबद्दल त्यांना प्रेम नव्हतं. पण आपल्या घरात रोज कुणीतरी उपाशी झोपतंय हे त्यांच्याने बघवेना.

"मिरजेला जाणार आहेस ना त्याला घेऊन," त्या ऋजुताला म्हणाल्या, "मी पण येते. मला चष्म्याची काडी बदलायची आहे."

मिरजेचे डॉ. तौसिफ मुजावर परदेशी प्राण्यांचे डॉक्टर होते. त्यांनी विलासला उताणं केलं. तो उताणाच राहिला.

"अंगावरची नक्षी देखणी आहे ना याच्या?" डॉक्टर म्हणाले. "ज्या जनुकामुळे ती आली, त्याच जनुकाने आतल्या कानाचं बांधकाम बिघडवलंय. बाहेरून रंगकाम झकास, आत प्लंबिंगची बोंब. कानात तोल सांभाळणाऱ्या नसा असतात बघा, काकू. आपण नुसते बसलो तरी त्या तडतडत असतात. मान कलली की एका बाजूची तडतड वाढते, दुसरीकडची कमी होते, आणि त्यावरून मेंदू ठरवतो सरळ कुठलं ते. याच्या नसा इशारा देतात, पण इतका बारीक की मेंदूला ऐकूच जात नाही."

"मग मोठा करा की," उज्ज्वलाबाई म्हणाल्या.

"मोठा होत नाही. पण त्यात थोडी खरखर मिसळता येते. तुम्ही सांगलीच्या, तुम्हाला लगेच कळेल. पुराचं पाणी पायरीच्या बोटभर खाली आलंय आणि नदी संथ आहे, तर वर उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. तेच जरा लाटा असल्या की पायावर शिंतोडे उडतात. पाणी तेवढंच असतं, पण कळतं. ही खरखर म्हणजे त्या लाटा."

"मग यंत्राने खरखर करा," ऋजुता म्हणाली.

"केली होती दुसऱ्या एकावर. पंख्याच्या आवाजासारखं होतं. पंधरा दिवसांत मेंदू ती ऐकेनासा होतो. जिवंत नसेची तडतड मात्र पुन्हा तशीच कधी येत नाही, म्हणून तिचा कंटाळा येत नाही." त्यांनी डबीतून दोन चकत्या काढल्या, टिकलीएवढ्या. "एक माणसाच्या कानामागे, एक याच्या डोक्यावर. माणसाच्या नसेची तडतड इकडून उचलायची, तिकडे सोडायची. घराच्या भिंतींपुरतं चालतं. फक्त दोघांचं जमायला हवं."

ऋजुताचं जमलं नाही. डॉक्टरांनी टिकली तीनदा काढून लावली. यंत्राच्या पडद्यावर लाल रेघच राहिली. नऊ वर्षं या सापाला हातावर वाढवणारी ती मुलगी आपलेच कान कुठेतरी कमी पडले असं तोंड करून खुर्चीत बसून राहिली.

"काकू, तुम्ही बसता का जरा?"

"मी चष्म्यासाठी आले आहे."

"दोन मिनिटं."

रेघ हिरवी झाली. डॉक्टरांनी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. रेघ आणखी हिरवी झाली.

"वयोमानाने तुमच्या कानातल्या बऱ्याच नसा निकामी झाल्यात," डॉक्टर आनंदाने म्हणाले. "उरलेल्या अडखळत वाजतात. अगदी सापासारख्या. अभिनंदन."

दोघी रिक्षाने घरी परतल्या. विलास पिशवीत होता आणि चष्म्याची काडी तशीच राहिली होती.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, पहिला आठवडाभर दुपारी तासभर रोजच्यासारखं शांत बसा. तुमचं ते बसणं यंत्र 'स्थिर' म्हणून धरेल आणि विलासचा मेंदूही तेच शिकेल. एकदा शिकला की शिकला.

उज्ज्वलाबाई रोजच्यासारख्या शांत बसल्या. लग्न होऊन आल्यापासून मोकळ्या दुपारी ज्या जागी त्या शांत बसत आल्या होत्या त्याच जागी, झोपाळ्यावर, पायाच्या अंगठ्याने फरशीला हलका रेटा देत. हे हलणं आहे असं त्यांच्या मनातही आलं नाही. ऋजुताच्याही आलं नाही. झोपाळ्यावरच्या माणसाला आपल्याकडे बसलेलाच माणूस म्हणतात.

आठवडा संपल्यावर ऋजुताने उंदीर पुढे धरला. उज्ज्वलाबाई मुद्दाम उतरून स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहिल्या, निकाल लागताना उभं राहावं तशा. विलासने डोकं उचललं, मान पिळली आणि स्लॅबची पाहणी सुरू केली.

"गेलं सगळं फुकट," उज्ज्वलाबाई म्हणाल्या आणि मटकन झोपाळ्यावर बसल्या. सवयीने रेटा दिला.

विलासची मान उलगडली. डोकं गवंड्याच्या ओळंब्यासारखं सरळ झालं. त्याने उंदराकडे, बहुधा कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच, समोरून बघितलं. आणि घेतला.

ऋजुताने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी सगळं दोनदा सांगायला लावलं.

"काकू झोपाळ्यावर बसल्या होत्या?"

"मग कुठे बसणार?" उज्ज्वलाबाई मागून म्हणाल्या.

"झोका म्हणजे स्थिर, असं त्याच्या डोक्यात पक्कं झालंय आता. तो जेवायला बसला की त्यांना झोका घ्यावा लागणार. दुसरा इलाज नाही."

असा त्या घराचा नवा शिरस्ता पडला. विलासचं जेवण आठ-दहा दिवसांतून एकदा, पाणी रोज संध्याकाळी, आणि त्या वेळी उज्ज्वलाबाई झोक्यावर. शेजारच्या आरवाडेवहिनी हळदीकुंकवाला बोलवायला आल्या, तर ऋजुताने दारातच सांगितलं, "आई आत्ता येऊ शकत नाहीत. साप पाणी पितोय." वहिनींनी पुढे काही विचारलं नाही. पुन्हा बोलावलंही नाही.

एक गोष्ट डॉक्टरांनी ओझरती सांगितली होती, तिचा अर्थ मागाहून कळला. टिकली थोडं परतही पाठवायची. विलासचा तोल गेला की उज्ज्वलाबाईंच्या कानामागे गुदगुली व्हायची, मुंगी चालल्यासारखी. तो शांत पडून असला की तिथे कोमट काहीतरी जाणवायचं. भाजी निवडताना, फोनवर बोलताना, आंघोळीला जाताना, घरात कुणीतरी आहे आणि ते बरं आहे हे त्यांना न बघता कळायचं. यजमान गेल्यापासूनची चार वर्षं हे त्यांना कळलं नव्हतं.

एका संध्याकाळी पाण्याच्या वाटीपाशी विलास अडखळला आणि उज्ज्वलाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "अहो, सावकाश."

ऋजुता स्वयंपाकघरातून बाहेर आली. "काय म्हणालात?"

"काही नाही. त्याला म्हटलं."

"त्याला 'अहो' म्हणालात?"

"मग काय अरे-तुरे करू? नाव कुणी ठेवलं?"

ऋजुता हसली नाही. पेटीशी बसून काचेवर हात ठेवून म्हणाली, "आई, एक सांगू? हा अंड्यातून बाहेर आला तेव्हा विकणारा म्हणाला, हा डुलतो, याला टाकून देणार. मी हॉस्टेलवर लोकरीच्या टोपीत घालून आणला. नऊ वर्षं. आणि आता तुम्ही उठलात की तो तुम्ही गेलात त्या दिशेला तोंड करतो. माझा साप माझ्या सासूने फितवला. हे मी कुणाला सांगायचं?"

 उज्ज्वलाबाईंनी झोका थांबवला, आणि विलासची मान पिळायला लागली म्हणून पुन्हा सुरू केला.

दापोलीचा दिवस जवळ येत चालला. दोघीही त्याबद्दल बोलत नव्हत्या. 'आई, राहा' हे ऋजुता म्हणणार नव्हती, कारण सापासाठी सासूला अडवलं असं झालं असतं. 'मी राहते' हे उज्ज्वलाबाई म्हणणार नव्हत्या, कारण सगळ्या गावाला सांगून झालं होतं. आणि टिकलीवाचून विलास जगणार नव्हता. नळीने भरवून महिना-दोन महिने निघतील, असं डॉक्टर म्हणाले होते.

मग डॉक्टरांनीच मार्ग काढला. "हस्तांतर करून बघू. दोघींनी एकाच झोपाळ्यावर शेजारी बसायचं, दोघींना टिकल्या. झोका एक, त्यामुळे लय एक. तेव्हा सूनबाईंचं जमलं नाही, पण आता ही लय त्याच्या ओळखीची आहे. मी सासूबाईंची तडतड रोज थोडी कमी करत नेईन, सूनबाईंची वाढवत. त्याच्या मेंदूला फरक कळायच्या आत बदली झालेली असेल. दोघी शांत हव्यात मात्र. आणि माना सरळ."

झोपाळ्याची डावी बाजू यजमानांची होती. ते गेल्यापासून तिथे वर्तमानपत्रांची चळत आणि घडी न घातलेले कपडे बसायचे. उज्ज्वलाबाईंनी ते सगळं उचलून पलंगावर टाकलं. ऋजुता अंग चोरून बसली.

"पाय वर घे. रेटा मी देते."

"तुम्ही फार जोरात देता."

"तुझ्या सासऱ्यांची पण हीच तक्रार होती."

पहिल्या दुपारी एवढंच बोलणं झालं. पुढे वाढत गेलं, कारण तासभर शेजारी बसून समोरच्या सापाकडे बघताना माणूस शेवटी काहीतरी बोलतोच. मिहिर लहानपणी पंख्याला घाबरायचा हे ऋजुताला कळलं, आणि आता तो पवनचक्क्यांवर चढतो म्हणून दोघी इतक्या हसल्या की यंत्राने सूचना दिली. ऋजुताची आई ती कॉलेजात असताना गेली हे उज्ज्वलाबाईंना माहीत होतं. त्यानंतर ऋजुता ज्या घरी जायची तिथे सगळे तिच्याशी हळू आवाजात बोलायचे, एकटा विलास नेहमीसारखा वागायचा, हे माहीत नव्हतं.

"नेहमीसारखा म्हणजे?"

"म्हणजे काहीच करायचा नाही. पण तेच करायचा."

काम छान चाललं होतं, आणि शेवटच्या टप्प्यावर येऊन अडलं. सूनबाईंकडे जवळजवळ सगळी सूत्रं आली की नेमका घोटाळा व्हायचा आणि यंत्र पुन्हा मागे जायचं. उज्ज्वलाबाईंना त्याच वेळी शिंक यायची. शिंक खोटी नसायची. निदान पहिली तरी नव्हती. हिरवी रेघ आपल्याकडून पलीकडे सरकताना कानामागची ऊब विरत जायची, आणि त्यांच्या नाकाला आपोआप काहीतरी व्हायचं. उद्या नक्की, असं त्या स्वतःला सांगायच्या. ऋजुता बिचारी काहीच बोलायची नाही. तिची केसांची पिनही नेमकी तेव्हाच खाली पडायची, हा आपला योगायोग.

या सगळ्यात विलासचं जेवण तीनदा चुकलं. कण्याची रेघ पुन्हा वर आली.

डॉक्टर सांगलीला घरी आले. त्यांनी विलासला तोललं, मग पडदा उघडून दोघींसमोर ठेवला.

"हा बघा आलेख. रोज शेवटी इथे मान हलते. कुणाची तरी."

उज्ज्वलाबाईंनी घसा साफ केला. "मला सर्दी आहे."

"ही एक झाली. आणि ही दुसरी, अर्ध्या मिनिटाने. ही खाली वाकते."

ऋजुताचा हात केसांच्या पिनेकडे गेला. झोपाळ्याची कडी तेवढी किरकिरली.

"हे बघा, तुमच्या घरातलं तुम्ही जाणो," डॉक्टर पिशवी उचलत म्हणाले. "पण त्याच्या अंगावर आता एखाद-दुसऱ्या आठवड्याचंच मांस आहे. त्याला दोन अर्ध्या माणसांचा काही उपयोग नाही. एक पूर्ण लागतं."

ते गेल्यावर उज्ज्वलाबाईंनी विचारलं, "पिन मुद्दाम पाडायचीस?"

"शिंक मुद्दाम काढायचात?"

"मी आधी विचारलं."

ऋजुता फरशीकडे बघत होती. "हस्तांतर झालं की तुम्ही जाल. मग घरात मी आणि विलास. त्याला सगळं सांगता येतं, आई, पण त्याला ऐकायला कानच नाहीत."

उज्ज्वलाबाईंनी पदराने चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता. "तो तुझ्याकडे गेला की," त्या म्हणाल्या, "माझ्या कानामागे काही राहणार नाही. एवढंच. यात तुझ्यावर काही राग नाही."

पेटीत विलासने मान उचलली. ती थरथरून काचेला टेकली. दोघींनी बघितलं.

"उद्यापासून नीट बसायचं," उज्ज्वलाबाई म्हणाल्या.

"हो."

"पिन लावूच नकोस."

त्या नीट बसल्या. शिंक आली नाही, एकदा खरी आली तीही त्यांनी गिळली. रेघ सरकत गेली, आणि कानामागची ऊब रोज थोडी उणी होत गेली, चुलीवरून उतरवलेल्या भांड्याची होते तशी.

शेवटची परीक्षा आणि दापोलीची गाडी एकाच सकाळी आली. डॉक्टरांना दुसरा दिवस नव्हता, आणि गाडी चालकाविना धावणाऱ्यांपैकी, तिला समजावणं शक्य नव्हतं. बॅगा आधीच तिच्या पोटात गेल्या होत्या. खालून तिचा नम्र आवाज येत होता. "प्रवासी उज्ज्वला सबनीस, आपण कृपया वाहनात बसावं."

डॉक्टर म्हणाले, "काकू, टिकली काढा."

उज्ज्वलाबाईंनी काढली. कानामागे काहीच उरलं नाही. त्या झोपाळ्यावरून उतरून बाजूला झाल्या, आणि इतकी वर्षं पायाखाली असलेली फरशी त्यांना अनोळखी वाटली.

ऋजुताने रेटा दिला. तिचा हात हलू नये म्हणून चिमटा डॉक्टरांनी धरला. विलासने डोकं वर काढलं. मान जराशी वळली, थांबली. ऋजुताने डोळे मिटून घेतले होते. तिचा अंगठा फरशीवर अगदी सासूच्या चालीने टेकत होता, थोडा जोरातच. मान परतली. सरळ झाली.

झेप इतकी नेमकी होती की डॉक्टरांच्या हातात नुसता चिमटा उरला.

"डोळे उघड," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "जेवतोय तो."

ऋजुताने उघडले, आणि मग रडायला लागली, मान अजिबात न हलवता.

"थांबू नका मात्र," डॉक्टर म्हणाले. "गिळून होईपर्यंत झोका चालू हवा. मोठा घास आहे, वेळ लागेल." त्यांनी चिमटा धुतला, पिशवी घेतली आणि ते निघाले.

खालून पुन्हा आवाज आला. "प्रवासी उज्ज्वला सबनीस, प्रतीक्षेचा वेळ संपत आहे."

"जा आई," ऋजुता म्हणाली. तिला उठता येत नव्हतं, हातानेही पुसता येत नव्हतं, नाक वाहत होतं. "मला जमतंय. बघितलंत ना? तुम्ही मोकळ्या झालात."

उज्ज्वलाबाई खिडकीपाशी गेल्या. खाली पांढरी गाडी दार उघडून उभी होती. त्यांनी वळून बघितलं. विलासचा जबडा उंदराभोवती सावकाश पुढे सरकत होता, डोकं स्थिर होतं. समोर त्यांची सून एकटीच झोके घेत होती, आणि तिच्या उजवीकडची अर्धी फळी रिकामी होती.

त्यांनी खिडकीतून वाकून गाडीला सांगितलं, "आमची जेवणं चालली आहेत. जेवणाऱ्याला टाकून उठत नाही आम्ही. तू जा."

गाडीने यावर विचार केला असावा. "आपली सूचना समजली नाही," ती म्हणाली, दार मिटून घेतलं आणि नियमाप्रमाणे सामान घेऊन दापोलीला निघून गेली. चार पातळं, औषधांचा डबा आणि समुद्रावर घालायच्या नव्या चपला संध्याकाळी वेळेवर पोचल्या. अनघाने त्यांना खोली दाखवली की नाही, ते नंतर कधीतरी विचारायचं ठरलं.

"आई, बॅगा," ऋजुता म्हणाली.

"हवा बदलून येऊ देत." उज्ज्वलाबाईंनी पदराच्या टोकाने सुनेचं नाक पुसलं, लहान मुलाचं पुसतात तसं, एका हाताने तिची मान सरळ धरून. मग झोका जरा संथ झाल्यासारखा वाटला तेव्हा म्हणाल्या, "सरक."

"आता गरज नाहीये हो तुमची त्याला."

"माहीत आहे," उज्ज्वलाबाई म्हणाल्या, बसल्या आणि रेटा दिला.